ओपीडीच्या रांगेसाठी कोणतं मॉडेल निवडावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या ओपीडीत रुग्णांचा वेळ नेमका कुठे जातो, हा एम.टेक.च्या प्रकल्पाचा विषय आहे. मार्गदर्शक म्हणतात एजंट-बेस्ड मॉडेल करा. विभागातल्या दुसऱ्या मॅडमना सिस्टिम डायनॅमिक्स योग्य वाटतं. एक सीनियर पेट्री नेटवर ठाम आहे, आणि वाचायला मिळणारे बहुतेक शोधनिबंध डिस्क्रीट इव्हेंट सिम्युलेशनचे आहेत. यातली सर्वात चांगली पद्धत कोणती?

मी गेली पंचवीसेक वर्षं हेच काम करते आहे. गोदीची गेटं, बसचे आगार, गोदामं आणि अलीकडे रुग्णालयं. तुमच्या प्रश्नातली अडचण मला पहिल्याच वाक्यात दिसली. त्यात ओपीडी आहे, पद्धती आहेत, पण ओपीडीला विचारायचा प्रश्न नाही. ‘वेळ कुठे जातो’ हे कुतूहल झालं. त्यातून कुणाला काही ठरवता येत नाही.

आता हे चार प्रश्न बघा. केसपेपरची आणखी एक खिडकी उघडावी, की रक्त घ्यायला आणखी एक टेक्निशियन द्यावा? ओपीडी दुपारीही सुरू ठेवली तर दोन वर्षांनी गर्दी कमी असेल का? कॅज्युअल्टीत असा प्रसंग येऊ शकतो का, की कुणालाच पुढे सरकता येणार नाही? तापाचा एक रुग्ण बाकावर तीन तास बसला तर शेजारच्या किती जणांना आजार घेऊन घरी जावं लागेल? इमारत एकच, माणसं तीच, पण या चार प्रश्नांना चार वेगळी मॉडेलं लागतात. तुम्हाला सल्ला देणारे तिघं आणि ते शोधनिबंध लिहिणारे, सगळेच आपापल्या मनातल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देत आहेत. त्यांनी तो प्रश्न बोलून दाखवलेला नाही, एवढंच.

पद्धतींकडे वळण्याआधी आपल्याच शहराचं एक जुनं मॉडेल सांगते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी सुरुवात तिथूनच करायला लावते.

१८९६ साली मांडवीत, गोदीलगतच्या धान्याच्या वखारींच्या भागात, प्लेगचे रोगी दिसले आणि पुढे अनेक वर्षं दर हंगामात प्लेग मुंबईत परतत राहिला. १९२७ साली विल्यम कर्मॅक आणि अँडरसन मॅकेन्ड्रिक या दोघांनी साथीच्या गणितावर एक निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला. कर्मॅक रसायनशास्त्रज्ञ होते. १९२४ साली प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. मॅकेन्ड्रिक डॉक्टर होते आणि त्यांची बरीच वर्षं हिंदुस्थानात, कसौलीला गेली होती. या दोघांनी लोकसंख्येचे तीन गट केले: ज्यांना लागण होऊ शकते, ज्यांना झाली आहे, आणि जे बरे झाले किंवा दगावले. कोविडच्या काळात आपण सगळ्यांनी ऐकलेलं एसआयआर मॉडेल ते हेच. आणि त्या निबंधात उदाहरणाला घेतलेले आकडे होते डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातल्या मुंबईतल्या प्लेगच्या दर आठवड्याच्या मृत्यूंचे.

आकडे सुरेख जुळतात. हळूहळू चढणारा, सतराव्या आठवड्याच्या सुमारास ८९० मृत्यूंचं शिखर गाठणारा आणि तसाच उतरणारा वक्र, आणि त्याच्या अगदी जवळून जाणारे प्रत्यक्ष ठिपके. ही आकृती आजही पाठ्यपुस्तकांत छापली जाते.

पण गाठीचा प्लेग असा पसरत नाही. तो उंदरांत पसरतो आणि उंदरांवरच्या पिसवांमार्फत माणसाला होतो. ज्या हंगामातले हे आकडे आहेत, त्याच सुमारास परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, प्लेग आयोगाचे संशोधक उंदीर आणि पिसवांचा हा संबंध प्रयोगांनी पक्का करत होते. मॉडेलमध्ये साथ ओसरते ती लागण होण्याजोगी माणसं कमी पडल्यामुळे. मुंबईत ती ओसरे त्यात ऋतूचा मोठा हात असे: उन्हाळा वाढला की पिसवा कमी होत, आणि पुढच्या थंडीत साथ पुन्हा डोकं वर काढी. लेखकांना याची जाणीव होती. माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे आणि आपलं समीकरण अगदी ढोबळ आहे, हे त्यांनी निबंधातच लिहून ठेवलं आहे. ती सावधगिरी पुढच्या अनेकांनी उचलली नाही, आकृती मात्र उचलली.

आता त्या वेळच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. ‘या हंगामात वक्र कसा दिसेल’ एवढाच प्रश्न असेल तर हे मॉडेल पुरेसं आहे. ‘माणसांना अलग ठेवू, की वखारीतल्या उंदरांच्या मागे लागू’ हा प्रश्न असेल तर तेच मॉडेल, तितकेच छान जुळणारे आकडे घेऊन, त्याला चुकीच्या दारात नेऊन सोडेल, कारण त्यात उंदीरच नाही. म्हणून मॉडेल निवडताना मी विचारते: ज्या गोष्टीत हात घालून बदल करायचा आहे, ती गोष्ट या मॉडेलमध्ये आहे का? नसेल, तर आकडे कितीही जुळोत, त्या निर्णयासाठी ते मॉडेल निरुपयोगी आहे. तुमच्या परीक्षेत बाहेरून येणारे परीक्षक ‘व्हॅलिडेशन केलं का’ असं विचारतील आणि तुम्ही जुळलेला आलेख दाखवाल. तो दाखवाच. पण स्वतःला हा दुसरा प्रश्न विचारून झाल्यावर.

आता तुमची ओपीडी.

कोणतंही सॉफ्टवेअर उघडण्याआधी पहिला आठवडा कागद-पेन्सिलीवर घालवा. रांगांचं गणित १९०९ साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग यांच्यापासून सुरू झालं, आणि तुमच्या कामाचा निम्मा भाग त्यात आधीच सोडवलेला आहे. त्यातला सर्वात उपयोगी नियम जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केला: आत असलेल्या माणसांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले प्रत्येकाने आत घालवलेला सरासरी वेळ. ओपीडीच्या आवारात सरासरी ३०० माणसं असतात आणि तासाला १२० नवी येतात, असं मोजणीत निघालं, तर प्रत्येकाचे सरासरी अडीच तास जातात. कुणाच्याही मागे घड्याळ घेऊन फिरावं लागलं नाही, नुसती डोकी मोजली. ओपीडी सकाळी रिकामी असते आणि संध्याकाळी रिकामी होते, त्यामुळे पूर्ण दिवसाची सरासरी घेतलीत तर हा नियम तंतोतंत लागू पडतो, मग माणसं एकसारखी येवोत की लोंढ्याने. औषधाची खिडकी, एक्स-रे, रक्ततपासणी अशा प्रत्येक टप्प्याला तो वेगवेगळा लावा. ‘वेळ कुठे जातो’ याचं ढोबळ उत्तर तुम्हाला शनिवारपर्यंत मिळालेलं असेल.

दुसरी गोष्ट हाताने करून बघायची ती गर्दी आणि थांबण्याचा वेळ यांच्यातल्या नात्याची. एका खिडकीवर तासाला सरासरी ६० केसपेपर निघू शकतात असं धरा, आणि येणं व काम दोन्ही अनियमित आहे असंही धरा. तासाला ४८ जण आले तर प्रत्येकाचे, रांग धरून, सरासरी ५ मिनिटं जातात. ५४ आले तर १० मिनिटं. ५७ आले तर २० मिनिटं. माणसं पाचव्या हिश्शानेही वाढली नाहीत आणि वेळ चौपट झाला. रुग्णालयाच्या प्रशासनाला हे तीन आकडे दाखवा. खिडकीवरचा कारकून थोडाही रिकामा बसलेला दिसता कामा नये, असा आग्रह अनेक ठिकाणी असतो. तो थोडा रिकामा वेळच रांग आटोक्यात ठेवत असतो, हे या आकड्यांइतकं स्वच्छ दुसऱ्या कशाने पटलेलं मी पाहिलेलं नाही.

पण हे तीन आकडे ज्या सूत्रातून आले, ते तुमच्या ओपीडीवर पूर्ण विसंबून वापरू नका. ते गृहीत धरतं की येणाऱ्यांचा दर दिवसभर सारखा आहे आणि प्रणाली स्थिरावलेली आहे. आपल्याकडे केसपेपरची खिडकी उघडायच्या आधीच रांग जन्माला आलेली असते. कर्जत-कसाऱ्याहून, विरारच्या पलीकडून पहाटेच्या लोकलने निघालेली माणसं अंधारातच येऊन बसलेली असतात. मग डॉक्टर राउंड संपवून ओपीडीत येतात, तोवर दुसरी रांग पिकते. साडेबाराला सगळे एकदम औषधाच्या खिडकीवर. यात स्थिर असं काही नाही. इथे डिस्क्रीट इव्हेंट सिम्युलेशन लागतं, आणि खिडकी की टेक्निशियन हा तुमचा प्रश्न असेल तर मुख्य काम त्यातच करा असं मी सांगेन.

त्यातली कल्पना साधी आहे. घड्याळ सेकंदासेकंदाने चालत नाही, घटनेवरून घटनेवर उडी मारतं: रुग्ण आला, केसपेपर निघाला, डॉक्टर मोकळे झाले, सुई टोचून झाली. १९६१ च्या सुमारास आयबीएममध्ये जेफ्री गॉर्डन यांनी यासाठी जीपीएसएस ही भाषा केली. नॉर्वेत डाल आणि न्यूगार्ड यांनी याच कामासाठी सिम्युला रचली, आणि आज प्रत्येक प्रोग्रामर शिकतो ते ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंग त्यातून आलं. रांगेत उभ्या माणसाचं मॉडेल करता करता संगणकशास्त्राला केवढी मोठी कल्पना सापडली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

या पद्धतीचा धोका तिच्या देखणेपणात आहे, आणि तो मी स्वतः अनुभवला आहे. उरणकडच्या रस्त्यावरच्या एका कंटेनर यार्डाच्या गेटसाठी मी मॉडेल केलं होतं. मला महिन्याला किती ट्रेलर येतात याचे आकडे मिळाले, ते मी तासांत वाटले आणि ट्रेलर एकमेकांशी संबंध नसल्यासारखे अधूनमधून येतात असं धरलं. पडद्यावर छोटे ट्रेलर गेटातून आत-बाहेर करताना दिसत होते, बैठकीत सगळ्यांना ते आवडलं, आणि मॉडेल म्हणत होतं की रांग आवारातच राहील. दुसरी लेन पुढे ढकलली गेली. प्रत्यक्षात माल घेण्याची जहाजाची मुदत, ज्याला तिथे कट-ऑफ म्हणतात, जवळ आली की ट्रेलर एकदम येत. रांग रस्त्यावर गेली. ड्रायव्हरांनी रात्री केबिनमध्ये बसून काढल्या, पाणी आणि संडासाची सोय नसताना. गणितात एकही चूक नव्हती. मी गेटवर एक रात्र उभी राहिले असते तर ते गृहीतक माझ्या हातून लिहिलंच गेलं नसतं. तेव्हापासून आगमनांचे आकडे मी स्वतः उभं राहून घेते, महिन्याची बेरीज भागून कधीच नाही.

म्हणून तुमच्यासाठी: केसपेपरच्या मागे प्रत्येक टप्प्यावर वेळ लिहून घ्यायची परवानगी मागा. सोमवार आणि गुरुवार वेगळे ठेवा. सुट्टीच्या दुसऱ्या दिवसाला स्वतंत्र गट समजा. मॉडेल एकदा चालवून उत्तर लिहू नका. एक रन म्हणजे एका दिवसाची हकिकत. काहीशे दिवस चालवा आणि सरासरीबरोबर पसाराही, म्हणजे दिवसागणिक उत्तर किती बदलतं तेही, द्या. दोन पर्यायांची तुलना करताना दोन्हीकडे तेच काल्पनिक रुग्ण, त्याच वेळी, तेच आजार घेऊन पाठवा, नाहीतर पर्यायांतला फरक आहे की नशिबाचा हे कळणार नाही. आणि तयार मॉडेल विभागातल्या सिस्टरना, वॉर्डातल्या मामांना आणि मावशींना दाखवा. एकदा माझ्या मॉडेलमध्ये रक्ताचे नमुने काढल्याबरोबर प्रयोगशाळेत पोचत होते. मावशींनी पडद्याकडे बघून विचारलं, ‘एकेक बाटली घेऊन कोण धावतंय? ट्रे भरल्याशिवाय आम्ही नेतच नाही.’ त्या एका वाक्याने रिपोर्टला लागणाऱ्या वेळाचा सगळा हिशेब बदलला.

आता तुमच्या मॅडम. त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेणार नाही, कारण वरच्या सगळ्या मॉडेलमध्ये एक मोठी खोट आहे: येणाऱ्यांची संख्या आपण बाहेरून दिली आहे. समजा तुम्ही रांग खरोखरच अर्ध्यावर आणली. ती बातमी कुठे जाईल? पालघरला, बदलापूरला, शेजारच्या वस्तीत. जे आज दिवस बुडतो म्हणून खासगी दवाखान्यात पैसे मोजतात किंवा दुखणं अंगावर काढतात, ते यायला लागतील. रांग पुन्हा वाढेल, आणि कुठेतरी जुन्या लांबीच्या आसपास स्थिरावेल. दुसरं चक्र याहून बोचरं आहे. गर्दी वाढली की डॉक्टरांना प्रत्येक रुग्णासाठी कमी मिनिटं मिळतात, तपासणी अपुरी राहते, ‘पंधरा दिवसांनी दाखवा’ असं सांगावं लागतं, आणि तो रुग्ण पंधरा दिवसांनी पुन्हा गर्दीत भर घालतो. गर्दी स्वतःलाच खाऊ घालते.

अशी चक्रं पकडायला जे राइट फॉरेस्टर यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत सिस्टिम डायनॅमिक्स उभं केलं. त्यांची सुरुवात जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या कारखान्यांतून झाली. तिथे काही काळ भरपूर काम असे आणि काही काळ निम्मे कामगार बसून असत. व्यवस्थापक बाजाराला दोष देत होते. फॉरेस्टर यांनी साठा, मागणी आणि कामगारभरतीचे नियम वहीत मांडून, हाताने आठवड्यामागून आठवडा पुढे चालवून दाखवलं की बाहेरची मागणी स्थिर असली तरी भरतीचे हेच नियम चढउतार निर्माण करतील. या पद्धतीत एकेक माणूस दिसत नाही. टाकीतल्या पाण्यासारखे साठे आणि नळासारखे प्रवाह दिसतात. मंगळवारी साडेदहाला दुसऱ्या खिडकीवर काय होईल हे ती कधीच सांगणार नाही. दोन वर्षांनी काय होईल याची दिशा मात्र सांगेल, आणि अनेकदा ती दिशा आपल्या अंदाजाच्या उलट असते. आकडे दशांशापर्यंत देऊ नका. वर, खाली, आधी खाली मग वर, एवढं जरी विश्वासाने सांगता आलं तरी ते मोलाचं आहे.

पेट्री नेटवाल्या सीनियरबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण या कुळातल्या पद्धतींची आपल्याकडे सर्वात कमी कदर होते. कार्ल आडाम पेट्री यांनी १९६२ साली डार्मस्टाटला सादर केलेल्या प्रबंधात ही मांडणी आली. वर्तुळं म्हणजे जागा किंवा स्थिती, आडव्या रेघा म्हणजे घटना, आणि वर्तुळांतले ठिपके म्हणजे टोकन. घटनेला लागणारे सगळे ठिपके हजर असतील तरच ती घडते, काही ठिपके खाते, काही पुढे ठेवते. इथे प्रश्न ‘सरासरी किती’ असा नसतो. प्रश्न असतो ‘कधीतरी, कुठल्याही क्रमाने, असं होऊ शकतं का’.

कॅज्युअल्टी घ्या, अगदी लहान करून: एक बेड, एक सीटी स्कॅन. पहिला रुग्ण बेडवरून सीटीला जातो. बेड रिकामा दिसला म्हणून दुसऱ्याला तिथे घेतात. दुसऱ्यालाही सीटी हवा आहे. पहिल्याचा स्कॅन संपला, पण त्याला परत न्यायला बेड नाही, म्हणून तो सीटीच्या टेबलावरच. दुसरा बेड सोडू शकत नाही, कारण सीटी रिकामा नाही. दोघंही एकमेकांसाठी थांबलेले, आणि नियम पाळले तर जन्मभर थांबतील. पेट्री नेटमध्ये ही अवस्था कागदावर दोन मिनिटांत सापडते. सिम्युलेशनमध्ये दहा बेड आणि दोन सीटी घेतलेत तर ती हजार दिवसांत एकदाही येणार नाही, आणि हजार एकाव्या दिवशी, म्हणजे मोठ्या अपघाताच्या दिवशी, येईल.

मग खऱ्या रुग्णालयात असं कायमचं का अडकत नाही? कारण मामा स्ट्रेचर व्हरांड्यात लावतात. नियमांत, नकाशात, मंजूर खाटांच्या यादीत जो व्हरांडा कुठेच नाही, तो प्रत्यक्षात तिसरी जागा होऊन सगळी कोंडी सोडवत असतो. माझ्या मते पेट्री नेट काढण्याचा सर्वात मोठा फायदा हाच आहे. कागदावर अडकतं आणि प्रत्यक्षात चालतं, तेव्हा कुणीतरी, कुठेतरी, न लिहिलेलं काहीतरी करत आहे हे कळतं. उद्या अग्निसुरक्षेसाठी व्हरांडे मोकळे करायचा आदेश आला, तो योग्यच असेल, पण त्या दिवशी कॅज्युअल्टी बंद पडेल आणि का ते कुणालाच समजणार नाही. तुमच्या प्रबंधात हे एक पान असलं तर मला फार आनंद होईल.

याच विचाराचं पुढचं टोक म्हणजे मॉडेल चेकिंग. प्रणालीच्या सगळ्या शक्य अवस्था यंत्राने तपासायच्या आणि ‘हे कधीच होणार नाही’ किंवा ‘हे केव्हातरी होईलच’ अशा विधानांची शहानिशा करायची. क्लार्क, इमर्सन आणि सिफाकिस यांना २००७ सालचं ट्युरिंग पारितोषिक यासाठीच मिळालं. रेल्वेच्या इंटरलॉकिंगला, म्हणजे सिग्नल आणि सांधे एकमेकांशी जखडून ठेवणाऱ्या व्यवस्थेला, ही दृष्टी स्वाभाविक आहे: एकमेकांना छेदणाऱ्या दोन मार्गांचे सिग्नल एकाच वेळी ऑफ, म्हणजे मोकळे, कधीच होता कामा नयेत. इथे ‘९९.९ टक्के वेळा होत नाहीत’ हे उत्तर चालत नाही. १९९८ साली सुरू झालेल्या पॅरिस मेट्रोच्या १४ नंबरच्या लाइनवर गाड्या मोटरमनशिवाय धावतात. तिथल्या सुरक्षेशी संबंधित सॉफ्टवेअर ‘बी’ नावाच्या पद्धतीने गणिती सिद्धतेसह लिहिलं गेलं. ती पद्धत मॉडेल चेकिंगहून वेगळी, पण घराणं एकच.

मर्यादा एकच, पण ती कडक आहे. अवस्थांची संख्या भडकते. दहा खिडक्या आणि प्रत्येकीपुढे शून्य ते वीस माणसं, एवढंच घेतलं तरी सुमारे १६.७ लाख कोटी अवस्था होतात. म्हणून अख्ख्या ओपीडीवर हे लावू नका. कॅज्युअल्टी, ऑपरेशन थिएटर, रक्तपेढी अशा ठिकाणी, जिथे एक वाईट क्रमही परवडणार नाही, तिथलाच तुकडा घ्या.

राहिले तुमचे मार्गदर्शक. एजंट-बेस्ड मॉडेलमध्ये प्रत्येक माणसाला स्वतःचे नियम असतात आणि माणसं एकमेकांवर परिणाम करतात. थॉमस शेलिंग यांनी पटावर नाणी सरकवून दाखवलं होतं की कुणालाही पूर्ण वेगळी वस्ती नको असली, तरी शेजारी आपल्यासारखे थोडे असावेत एवढ्या सौम्य इच्छेतूनही शहर विभागलं जातं. सरासरी माणसाच्या मॉडेलमध्ये हे दिसूच शकत नाही.

मुंबईचं उदाहरण कोविडचं. जुलै २०२० मध्ये तीन वॉर्डांत झालेल्या रक्तचाचणी सर्वेक्षणात झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या आणि बाहेरच्या वस्तीत सुमारे १६ टक्के. अख्ख्या शहराला एक पातेलं समजणारं कर्मॅक-मॅकेन्ड्रिकचं मॉडेल इथे कोलमडतं. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था (आयआयएससी) इथल्या संशोधकांनी तेव्हा शहराचं एजंट-बेस्ड मॉडेल केलं, ज्यात घर, कामाची जागा, शाळा, वस्ती आणि लोकल प्रवास वेगवेगळे धरले होते. माझं मत विचाराल तर ५७ आणि १६ मधला फरक दाखवायला एवढे एजंट लागत नाहीत. दोन पातेली आणि त्यांच्यामध्ये एक नळ पुरतो. पण ‘कार्यालयं आणि लोकल टप्प्याटप्प्याने उघडल्या तर काय होईल’ असा प्रश्न असेल, तर कोण कुठे राहतं, कुठे कामाला जातं आणि डब्यात कुणाशेजारी उभं राहतं, हे धरावंच लागतं. तिथे ही मेहनत सार्थकी लागते.

तुमच्या ओपीडीत माणसं रांगेत उभी राहतात आणि बहुतेक वेळ एकमेकांवर काहीच परिणाम करत नाहीत. प्रश्न बाकावरच्या संसर्गाचा असेल, किंवा लोक एक रांग सोडून दुसरी कशी धरतात याचा असेल, तर मार्गदर्शकांचं ऐका. नसेल तर प्रत्येक एजंटला तुम्ही दहा नियम द्याल, त्यातल्या नवांना पुरावा नसेल, आणि शेवटी जे उत्तर यावं असं वाटतं तेच येईपर्यंत नियम फिरवत बसाल. हे मी हुशार मुलांच्या बाबतीत होताना पाहिलं आहे. त्यात फसवण्याचा हेतू कुणाचाच नसतो.

एक गोष्ट ओझरती सांगते. काही ठिकाणी सलग बदलणारी राशी आणि तुटक निर्णय एकत्र येतात. पावसात भरती असताना हाजी अली किंवा ईर्ल्याच्या उदंचन केंद्रात पाण्याची पातळी सलग चढते, दरवाजे आणि पंप मात्र चालू-बंद असतात. अशांसाठी हायब्रिड ऑटोमॅटा नावाची वेगळी शाखा आहे. तुम्हाला आत्ता तिची गरज नाही, पण पुढे शहराच्या पाण्यावर काम करायचं असेल तर नाव लक्षात ठेवा.

तर माझा आराखडा असा. पहिला आठवडा लिटलचा नियम आणि कागदावरची रांग. मग एका पानावर सिस्टिम डायनॅमिक्सची चक्रं, फक्त बाण आणि अधिक-उणे चिन्हं. कुठलं चक्र तुमच्या निष्कर्षाला उलटवू शकतं ते त्यावरून कळेल. त्यानंतर डिस्क्रीट इव्हेंट मॉडेल, यात बहुतेक सेमिस्टर जाईल. त्यात येणाऱ्यांची संख्या तीन वेळा बदलून चालवा: आजची, दहा टक्के जास्त, पंचवीस टक्के जास्त, कारण रांग कमी झाल्यावर ती वाढणारच आहे. कॅज्युअल्टीचा तुकडा सीनियरला बरोबर घेऊन पेट्री नेटमध्ये काढा. आणि ज्या आकड्यांवर मॉडेल बेतलं, त्यापेक्षा वेगळ्या आठवड्यांवर ते तपासा, शक्य झालं तर ऑगस्टमधल्या. पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू, लेप्टोचे रुग्ण येतात, तेव्हा रक्ततपासणीचा भार केसपेपरच्या खिडकीपेक्षा वेगळ्या प्रमाणात वाढतो, आणि जानेवारीत अडथळा नसलेली जागा तेव्हा अडथळा होते. खिडकी की टेक्निशियन, याचं उत्तर दोन ऋतूंत दोन वेगळं येण्याची शक्यता मला बरीच वाटते. तसं आलं तर ते तसंच लिहा, आणि प्रशासनाला सांगा की जूनपासून चार महिन्यांसाठी जादा माणूस खिडकीऐवजी रक्ततपासणीला द्या.